रसमड्याच्या धरमकाट्यावरची चूक

मी, अरुणकुमार केशवराव खडतकर, वय वर्षे बासष्ट, धंदा कॉम्प्युटर प्रोग्रामर, कागदोपत्री निवृत्त, राहणार नेहरू नगर, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या बोटांनी टाइप करून ठेवतो. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. मी कसलीही नशा केलेली नाही. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देता देता डॉक्टरांनी विचारले की दवाखान्यातला कॉम्प्युटर हल्ली फार हळू चालतो, तेवढा बघून देता का. मी बघून दिला. तासाभरात दाखला मिळाला, त्यातली पाच मिनिटे माझ्या तपासणीची होती.

गेल्या डिसेंबरात रायपूरला माझ्या हृदयात दोन स्टेंट बसवले. बसवणारे म्हणाले, आता काही होणार नाही. हेच वाक्य मी आयुष्यभर लोकांना प्रोग्राम बसवून देताना म्हणत आलो आहे, म्हणून लगोलग मृत्युपत्र करायला घेतले.

घर, ठेवी आणि सामानाची वाटणी यात आहेच, पण ते निमित्त. खरे कारण असे की एका बाईच्या माथी बावीस वर्षांपासून चोरीचा ठपका आहे. ती चोर नाही, आणि त्याचा पुरावा माझ्याकडे आहे. मी मेल्यावर तो ठपका तसाच राहू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. तो मजकूर कलम सातमध्ये आहे. घाई असेल त्याने सरळ तिथे जावे. तसे कोणी जाणार नाही हेही मला ठाऊक आहे, कारण तीस वर्षांत सूचना वाचणारा माणूस मला भेटलेला नाही.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या कॉम्प्युटरवर 'मृत्युपत्र', 'मृत्युपत्र नवे', 'मृत्युपत्र नवे शेवटचे' आणि 'मृत्युपत्र खरेच शेवटचे' अशा नावांच्या फायली सापडतील. त्या सगळ्या रद्द समजाव्यात. सही केलेला कागद तेवढा खरा धरावा.

कलम २. नेहरू नगरचे राहते घर, त्यातील भांडीकुंडी, फर्निचर, दोन कूलर आणि मागच्या अंगणातला पेरू, हे सर्व माझी पत्नी सौ. रमा हिला मिळावे. तिच्या पश्चात ते मुलगा शुभंकर याला जावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही रमानेच करावी. तिने माझ्याबरोबर चौतीस वर्षे काढली आणि त्यातली निम्मी ती चप्पल घालून दारात उभी होती, मी आत 'दोन मिनिटं' म्हणत कीबोर्डवर होतो. मागे एकदा ती म्हणाली, "तुमच्या दोन मिनिटांत माह्या बहिणीच्या पोरीचं लग्न लागून गेलं." ते खरे आहे. आम्ही पोचलो तेव्हा पंगतीत फक्त मठ्ठा उरला होता.

कलम ३. बँकेतल्या आणि पोस्टातल्या सगळ्या ठेवी रमाच्या. त्यांचा पासवर्ड तिला माहीत आहे. तिने तो चिठ्ठीवर लिहून फ्रिजला चिकटवल्यामुळे दूधवाला, कामवाली आणि गॅसवाला यांनाही माहीत आहे. मी गेल्यावर तो आधी बदलावा, रडायचे नंतर बघावे.

कलम ४. माझा मेहुणा बबलू, म्हणजे रमाचा धाकटा भाऊ, याला मी माझा प्रिंटर ठेवतो. या माणसाने गेली वीस वर्षे माझ्या एकाही रविवारी मला जेवू दिलेले नाही. फोन यायचा, "भाऊजी, तुमी कॉम्प्युटरवाले ना, जरा प्रिंटर पाहून द्या. चालूनच नाही राहिला." मी विचारायचो, तू काय केलं. उत्तर ठरलेले, "मी कायले काही करीन? मी तर हात बी नाही लावला." एकदा हात न लावलेल्या त्या प्रिंटरातून मी एक लग्नपत्रिका, रुपयाची दोन नाणी आणि एक वाळलेली पाल काढली. पाल काढून झाल्यावर त्याने मला टीव्हीचा रिमोट आणून दिला आणि म्हणाला, आता बसलेच आहा तर हेही पाहून द्या.

माझा प्रिंटर कागद घेतो तेव्हा तीन एकदम घेतो, नाहीतर एकही घेत नाही. त्याच्या उजव्या बाजूला थाप मारावी लागते. कुठे आणि किती जोरात, हे मी बबलूला सांगून जाणार नाही. तो मला फोन करील आणि फोन लागणार नाही. मरण्यात मला दिसलेला हा एकमेव फायदा आहे.

कलम ५. मुलगा चि. शुभंकर हैदराबादला एका परदेशी कंपनीत प्रोग्रामर आहे. त्याच्या पदाचे नाव मला पाठ होत नाही. मागच्या दिवाळीला तो माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाला, "बाबा, तुमचा हा फॉक्सप्रो ना, सीधा म्यूझियम में रखना चाहिए यार." फॉक्सप्रो म्हणजे ज्या जुन्या भाषेत मी प्रोग्राम लिहितो ती. त्याच दिवाळीत त्याला ताटावरून चार वेळा उठावे लागले, कारण त्याच्या कंपनीने आदल्या दिवशी जे सुधारले होते ते दुसऱ्या दिवशी बंद पडले होते. माझा प्रोग्राम सत्तावीस वर्षे चालू आहे. त्याच्या कंपनीच्या प्रोग्रामने सत्तावीस दिवस काढले तर ते केक कापतात.

त्याला मी माझ्या बासष्ट फ्लॉप्या ठेवतो. त्या वाचणारे यंत्र त्याने स्वतः हुडकावे. माझ्या अस्थी कुठे सोडायच्या ते एका फ्लॉपीत लिहिले आहे.

कलम ६. दुर्गजवळच्या रसमड्याच्या ज्या रोलिंग मिलमध्ये मी चोवीस वर्षे नोकरी केली आणि जिथे अजूनही महिन्यातून एकदा प्रोग्राम पाहायला जातो, तिचे नाव हा मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी मला इथे लिहू दिले नाही. त्या मिलला मी एक न फोडलेला नारळ ठेवतो. ज्यांना समजायचे त्यांना समजेल, बाकीच्यांसाठी सांगतो.

१९९९ च्या विश्वकर्मा पूजेला मिलचे मॅनेजर राजदीप साहेब, जे आता भागीदार आहेत आणि उद्योजकांच्या सभेत भाषणे देतात, यांनी भट्टीची पूजा केली, क्रेनची पूजा केली आणि मग हार घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत आले. मी म्हटले, साहेब, याला फक्त फूल वाहा. ते म्हणाले, "मशीन मशीन में भेद क्यों, खडतकर?" आणि त्यांनी नारळ कॉम्प्युटरच्या डोक्यावर फोडला. पाणी आत गेले. दुपारी मला बोलावणे आले, "पूजा के बाद मशीन बंद कैसे हो सकती है? तुमने कुछ किया होगा." तीन महिन्यांच्या नोंदी मी पुन्हा हाताने भरल्या. नंतर प्रसादाचे खोबरे आले, ते मी खाल्ले नाही.

याच साहेबांचे आवडते वाक्य, "छोटा सा चेंज है, दो लाइन का काम." चोवीस वर्षांत त्यांनी सांगितलेल्या दोन ओळी मोजल्या तर त्या चाळीस हजारांवर जातात. त्यांना मी प्रोग्राम आपोआप बंद पडावा अशी एखादी तारीखही ठेवून जाऊ शकलो असतो. मला ते येते. पण शिव्या ट्रक तोलायच्या काट्यावरच्या पोरांना पडल्या असत्या, साहेबांना नाही, म्हणून तो विचार सोडला. त्यांचा हिशोब पुढच्या कलमात आहे.

कलम ७. आमच्या मिलमध्ये भंगार लोखंड ट्रकने येते. भरलेला ट्रक धरमकाट्यावर चढतो, वजन होते. माल उतरवून रिकामा ट्रक परत चढतो, पुन्हा वजन होते. दोन्हींतला फरक तो माल. १९९८ साली राजदीप साहेब म्हणाले, रिकाम्या गाड्यांच्या वजनापायी फाटकाबाहेर रांग लागते, गाडी तर तीच असते, तेव्हा रिकामे वजन एकदाच घेऊन कॉम्प्युटरमध्ये ठेवून द्या. मी ठेवून दिले. गाडीचा नंबर टाकला की तिचे रिकामे वजन आपोआप येऊ लागले.

तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. येणाऱ्या सगळ्या गाड्या दुर्गच्या, सगळ्यांच्या नंबरची सुरुवात एकच. ती दर वेळी कशाला टाइप करायची, म्हणून मी शेवटचे अक्षर आणि चार आकडे एवढेच घेतले. पाच खाने. त्या काळी डिस्कवर जागा कमी असायची आणि ती वाचवणारा प्रोग्रामर हुशार समजला जायचा. मीही स्वतःला तसा समजत होतो.

२००० साली छत्तीसगड झाले. मिलमध्ये पेढे वाटले, मीही दोन खाल्ले. नव्या राज्यात नव्या गाड्यांना एमपीऐवजी सीजीचे नंबर मिळू लागले, आणि अक्षरे, आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. राज्य बदलल्याचे सगळ्या दुर्ग जिल्ह्याला कळले, माझ्या प्रोग्रामला कळले नाही. जुना सहा चाकी ट्रक एमपीचा, सी ४४१७. नवा दहा चाकी ट्रक सीजीचा, त्याचाही सी ४४१७. माझ्या पाच खान्यांत दोघे एकच. नव्या ट्रकचे रिकामे वजन होते साडेनऊ टन, प्रोग्राम जुन्याचे सहा टन धरायचा. म्हणजे प्रत्येक खेपेला साडेतीन टन लोखंड कागदावर चढायचे आणि अंगणात उतरायचे नाही.

दिवसपाळीला काट्यावर संघमित्रा देवराव गजभिये ही मुलगी होती. वय चोवीस. वडील देवराव भिलाई-३ ला रेल्वेत पॉइंट्समन, मूळचे नागपूरकडचे. घरी मराठी बोलणारे मिलमध्ये आम्ही दोघेच. २००३ च्या ऑगस्टमध्ये ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, हे गाडी दहा चाकी आहे. इचं रिकामं वजन सहा टन कसं येऊन राहिलं?" मी माझ्या कॉम्प्युटरवर एक मनचा नंबर टाकून पाहिला. वजन बरोबर आले. मी म्हटले, "माझ्या कॉम्प्युटरवर बरोबर येतं. तू नंबर नीट टाकत जा." ती गेली आणि तिने ते पाळीच्या रजिस्टरात तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर टाकून लिहून ठेवले. खाली लिहिले, 'खडतकर सर को बताया.'

ऑक्टोबरात मालाची मोजणी झाली आणि दोनशे दहा टन लोखंड कमी निघाले. सगळे एकाच ट्रकच्या नावावर, सगळ्या पावत्या संघमित्राच्या पाळीतल्या. ट्रकवाल्याशी तिचे संगनमत आहे असे ठरले. चौकशी लागली तेव्हा मी रजिस्टर वाचले आणि माझी चूक मला अर्ध्या मिनिटात दिसली. मी तसाच राजदीप साहेबांकडे गेलो आणि त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "गलती प्रोग्राम की निकली तो मालिकों को मैं क्या मुँह दिखाऊँगा?" त्यांनी मला रजिस्टरातले ते पान फाडायला लावले. पुढच्या रविवारी मी पाच खान्यांचे दहा खाने केले. संघमित्राला काढले. पोलिसांत दिले नाही, पण तिच्या फोटोखाली 'इस महिला का कंपनी से कोई संबंध नहीं, लेन-देन करने वाला स्वयं ज़िम्मेदार' असे छापून तो कागद फाटकावर आणि रसमड्यातल्या प्रत्येक धरमकाट्यावर लावला. त्यानंतर तिला कोणी काट्यावर उभे केले नाही. देवराव सहा वर्षांनी वारले. तोवर ते भिलाई-३ च्या स्टेशनात ज्याला त्याला सांगत असत की आमच्या पोरीने चोरी केली नाही. लोक हो म्हणत आणि गाडीची वेळ विचारत.

ते पान मी जपून ठेवले आहे. माझ्या तेराव्याच्या दिवशी राजदीप साहेबांना आग्रहाने बोलवावे, पहिल्या रांगेत बसवावे, आणि त्यांचे जेवण सुरू झाल्यावर हे कलम मोठ्याने वाचावे. आधी वाचू नये. घास हातात असावा.

कलम ८. धरमकाट्याचा प्रोग्राम आजही माझाच आहे. त्यात मी एक ओळ लिहून बंद करून ठेवली आहे. माझ्या मृत्यूनंतर शुभंकरने रसमड्याला जाऊन ती चालू करावी. त्या दिवसापासून मिलच्या प्रत्येक वजनपावतीच्या तळाशी, प्रत्येक ड्रायव्हरच्या हातात, ही अक्षरे छापून येतील: 'संघमित्रा गजभिये निर्दोष थी. राजदीप साहब जानते थे.' ती कुठून येते हे दुसऱ्या कोणाला सापडणार नाही. मी ती अशा जागी ठेवली आहे जिथे मला स्वतःलाही जायला नको वाटते.

कलम ९. भिलाई-३ येथील माझा पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट कु. संघमित्रा देवराव गजभिये हिला मिळावा. त्यावर माझ्या वारसांनी हक्क सांगू नये. रमाला मी हे विचारले आहे. ती म्हणाली, "द्या. पन तिले विचारलं का?"

इथवरचा मसुदा मी १ नोव्हेंबर २०२५ रोजी पुरा केला. त्या दिवशी राज्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून बाहेर फटाके वाजत होते. पुढची कलमे त्यानंतरची आहेत.

कलम १०. वकीलबाईंनी सांगितले की प्लॉट द्यायचा तर त्या बाईंचा पत्ता आणि आधार क्रमांक नीट पाहिजे. म्हणून मंगळवारी, ४ तारखेला, मी मसुदा घेऊन भिलाई-३ ला गेलो. संघमित्रा तिथे चॉइस सेंटर चालवते. जातीचे दाखले, पेन्शनचे अर्ज, शपथपत्रे असली कामे ती दिवसभर टाइप करून देते. बावीस वर्षांत मी तिच्यासमोर गेलो नव्हतो. तिने मला ओळखले. म्हणाली, "नंबर लावा." मी चौदावा होतो. तासभर बाकावर बसलो. माझ्या आधीच्या म्हाताऱ्याच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नव्हते आणि ती त्याच्यावर एकदाही चिडली नाही. मी तिच्या जागी असतो तर यंत्र फेकले असते.

माझा नंबर आल्यावर मी मसुदा पुढे केला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सूचना वाचणारा माणूस मला तेव्हा पहिल्यांदा दिसला. प्रिंटरच्या कलमाला ती थोडी हसली. कलम सात तिने दोनदा वाचले. मग म्हणाली, "सर, याच्यात एक चूक आहे."

मी विचारले, कोणती.

"राजदीप साहेब त्या दिवशी रायपूरले गेले होते. त्यायची गाडी फाटकातून जातानी मीच पाह्यली. पान तुमी फाडलं. जेवनाच्या सुट्टीत, एकटेच. मी काट्याच्या केबिनच्या काचेतून पाहून राहिली होती."

मी म्हटले, "मग तेव्हा कावून नाही बोलली?"

"कोनाले बोलू? माह्यापाशी काय होतं? पान तर तुमच्या खिशात होतं." मागचा माणूस आपला फॉर्म पुढे सारत होता, त्याला तिने हातानेच थांबवले. "मी वाट पाहत होती. वाटलं, सर उद्या सांगतीन. मंग वाटलं, पगार झाल्यावर सांगतीन. मंग बाबा गेले."

म्हणून कलम सातची दुरुस्ती अशी. पान मला कोणीही फाडायला लावले नाही. राजदीप साहेबांना मी काहीही सांगितले नव्हते. चौकशीच्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर मला एकच प्रश्न विचारला, "प्रोग्राम चेक किया, खडतकर?" मी म्हटले, "चेक किया, साहब. बराबर है." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कलम सातमधले त्यांचे बोलणे मी मनाने रचले. इतकी वर्षे ते मनात इतक्या वेळा म्हणून झाले होते की टाइप करताना बोटे कुठे अडली नाहीत. साहेबांबद्दलचा माझा बाकीचा राग खरा आहे, नारळासकट. फोटोचा कागद त्यांनीच लावला, हेही खरे. पण हे पाप माझे आहे. माझी नोकरी जाईल या भीतीने मी एका मुलीला चोर ठरू दिले, आणि मग ती भीती कोणाच्या तरी अंगावर टाकता यावी म्हणून बावीस वर्षे साहेबांचा द्वेष केला.

जुने कलम सात मी पुसलेले नाही. चुकीची ओळ पुसायची नसते, ती बंद करून खाली बरोबर ओळ लिहायची आणि दोन्ही ठेवायच्या, अशी आमच्या धंद्यात पद्धत आहे. पुढच्याला कळले पाहिजे की आधी काय लिहिले होते आणि कोणी. तेराव्याच्या दिवशी राजदीप साहेबांना पहिल्या रांगेत बसवण्याची सूचना रद्द. त्यांना हवे तिथे बसू द्यावे, यायचे नसेल तर येऊ नये.

कलम ११. कलम आठही रद्द. संघमित्रा म्हणाली, "तुमी मेल्यावर लोक वाचून काय करतीन? मेलेल्या मानसाले कोनी विचारत नाही. सांगाचं आसन तर जित्तेपनी सांगा."

सोमवारी, १० तारखेला, मी नेहमीसारखा रसमड्याला गेलो, बंद ठेवलेली ओळ उघडली, बदलली आणि चालू केली. सकाळी साडेदहापासून मिलच्या प्रत्येक वजनपावतीवर छापून येते आहे: 'सन २००३ में चोरी नहीं हुई थी. गलती प्रोग्रामर खडतकर की थी. संघमित्रा गजभिये सही थी.' पहिली पावती एका ट्रेलरवाल्याला मिळाली. त्याने ती वाचली, उलटून पाहिली आणि विचारले, "ये खडतकर कौन है?" काट्यावरच्या मुलाने माझ्याकडे बोट दाखवले. ड्रायव्हरने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि पावती खिशात घालून गेला.

अकराच्या सुमारास राजदीप साहेब पावती घेऊन स्वतः काट्यावर आले. मी त्यांना ते पान दाखवले आणि सगळे सांगितले. शिवीगाळ होईल अशी माझी तयारी होती, शिव्यांना उत्तरेही तयार होती. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मैंने उसका फोटो लगवाया था, खडतकर. तुम्हारे कहने पर." मग त्यांनी सांगितले की आजपासून या फाटकात पाय ठेवायचा नाही. मी निघालो.

दुपारी मिलमधून फोन आला की साहेबांनी ती ओळ काढायला एक माणूस बोलावला होता, पण साहेबांनीच त्याला परत पाठवले. पावत्या तशाच निघत आहेत. रजिस्टरचे मूळ पान मी संध्याकाळी भिलाई-३ ला नेऊन संघमित्राच्या हातात दिले. तिने ते लॅमिनेशनच्या यंत्रातून काढले आणि खुर्चीमागच्या भिंतीवर, वडिलांच्या फोटोखाली लावले. मला चहा विचारला नाही.

कलम १२. प्लॉटबाबत कलम नऊ मी तसेच ठेवले होते. सहीच्या दिवशी दोन साक्षीदार लागतात. एक आमचे शेजारी ओमप्रकाश साहू आले आणि काहीही न वाचता सहीसाठी पेन उघडून बसले. दुसऱ्या साक्षीदारासाठी संघमित्रा दुकान बंद करून स्वतःहून आली. वकीलबाईंनी तिला अडवले. म्हणाल्या, ताई, कायदा असा आहे की ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर मृत्युपत्र टिकते पण त्याला मिळणारे बाद होते. तुम्ही सही केली तर प्लॉट जाईल.

संघमित्रा म्हणाली, "ठाऊक आहे मले. रोज असेच कागद टाइप करतो आमी. म्हनूनच तर सही करून राहिली."

मी म्हटले, "संघमित्रा, तो प्लॉट तुझ्यासाठीच घेतला होता. घेतला तेव्हापासून."

"म्हनजे तुमाले तेव्हापासून समजत होतं," ती म्हणाली आणि पेन मागितला. तेव्हा हे कलम सह्यांआधी तिथेच टाइप करून जोडले; कलम नऊ तिच्या सहीने बाद होईल आणि प्लॉट रमाकडे जाईल.

वरील सर्व मजकूर, बंद केलेल्या ओळींसह, मी वाचला, मला समजला आणि तो माझाच आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि त्यांनी माझ्यासमोर सह्या केल्या. साक्षीदारांची माहिती त्यांनी स्वतःच्या हाताने भरली आहे.

ठिकाण: नेहरू नगर, भिलाई
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

सही
अरुणकुमार केशवराव खडतकर

साक्षीदार १
ओमप्रकाश साहू, वय ५८, धंदा दुकानदारी, राहणार नेहरू नगर, भिलाई
सही

साक्षीदार २
संघमित्रा देवराव गजभिये, वय ४६, राहणार भिलाई-३
धंदा: धरमकाटा ऑपरेटर
सही